ट्रकल : पलंगाखालच्या पलंगातून आलेला शब्द

प्रिय,

तुझं भाषांतर काल रात्री वाचलं, चांगलं झालंय, पण एका शब्दावर मी अडकलो. मूळ इंग्रजी वाक्यात संपादक मालकांपुढे 'ट्रकल' करायला लागले असं आहे आणि तू लिहिलंस 'संपादक मालकांना शरण गेले'. डिक्शनरी उघडली तर तसंच काहीतरी सापडेल, त्यामुळे तुला दोष देत नाही, पण मला ते पटलं नाही आणि का ते नीट सांगावंसं वाटतं.

ट्रकल म्हणजे मुळात छोटं चाक, कप्पी. लॅटिनमध्ये कप्पीला ट्रोक्लिया म्हणतात, तो शब्द ग्रीकमधून आलेला. मग इंग्लंडमध्ये पंधराव्या शतकापासून ट्रकल-बेड हा शब्द दिसतो, म्हणजे बुटका पलंग, पायांना चाकं, दिवसा मोठ्या उंच पलंगाखाली ढकलून द्यायचा आणि रात्री ओढून काढायचा. वर मालक झोपणार, खाली नोकर, नाहीतर वर गुरू आणि खाली शिष्य. शेक्सपिअरच्या रोमिओ अँड ज्युलिएटमध्ये रोमिओचा मित्र मर्क्युशिओ त्याला हाका मारून थकतो आणि म्हणतो, मी चाललो माझ्या ट्रकल-बेडवर, इथे उघड्यावर फार गारठा आहे. त्यात अपमान कुठेच नाही, साधं अंथरूण आहे ते.

पण त्याच काळातली, 1597 सालची, जोसेफ हॉलची एक उपरोधिक कविता आहे, ती मिळाली तर जरूर वाच. एका जमीनदाराला मुलासाठी शिकवणारा हवाय, पगार वर्षाला पाच मार्क आणि थंडीचे कपडे, आणि अटी काय, तर जेवताना मीठदाणीच्या वरच्या बाजूला, म्हणजे मानाच्या जागी, बसायचं नाही, पोराला मारायचं तर किती छड्या मारू ते आधी त्याच्या आईला विचारायचं, आणि पहिलीच अट अशी की मास्तरने ट्रकल-बेडवर झोपायचं आणि छोटे मालक त्याच्या डोक्यावर, उंच पलंगावर. शिकवणारा खाली आणि शिकणारा वर! मला ती ओळ वाचून अजूनही वाईट वाटतं, कारण त्या मास्तरला दुसरा इलाज नव्हता.

क्रियापद आलं सतराव्या शतकात. आधी अर्थ नुसता त्या पलंगावर झोपणं, मग दुय्यम जागा घेणं, आणि मग हळूहळू लाचारीने दबून राहणं.

आता तुझं वाक्य बघ. शरण जाणं हा लढाईचा शब्द आहे, आधी कोणीतरी लढलेलं असतं आणि मग हरतं. ट्रकलमध्ये लढाईच नाही, माणूस रोज आपणहून आपली खालची जागा घेतो. 'नमतं घेतलं' पण चालणार नाही, त्यात शहाणपण असू शकतं, घरात भावाभावात आपण घेतोच की. 'लाळघोटेपणा' जवळचा आहे पण त्यात तोंड चालतं, स्तुती लागते, आणि ट्रकल करणारा एक शब्द न बोलताही ते करू शकतो.

मला विचारशील तर 'ताटाखालचं मांजर'. बघ ना, तिथे पलंगाखाली आणि इथे ताटाखाली, दोन भाषांना एकमेकींची खबर नसताना लाचारीची जागा दोघींनी 'खाली'च ठेवली. फक्त एक अडचण आहे, आपला वाक्प्रचार माणसाची अवस्था सांगतो आणि ट्रकल ही कृती आहे, म्हणून 'झाले' लिहिलं तर सगळं एका दिवसात घडल्यासारखं वाटेल, 'मालकांच्या ताटाखालचं मांजर होऊन राहिले' असं काहीतरी करून बघ, त्या 'राहिले'मध्ये ते रोजचं येतं.

आणि अजून एक, त्याच परिच्छेदात दोन ओळी वर संपादकाने कोणी न सांगता अग्रलेख मागे घेतल्याचं आहे, तू ते 'मागे घ्यावा लागला' असं केलंयस. तिथेपण तोच घोटाळा झालाय, ते आधी सुधार आणि रविवारपर्यंत पाठव.

तुझा,
दादा