कुणी मिठी मारली की मी आखडते

"मॅडम, मला कुणी मिठी मारली की माझं अंग लाकडासारखं होतं. मी दगडाच्या काळजाची आहे का?" हा प्रश्न विचारणारी २८ वर्षांची विवाहिता माझ्याकडे आली, तेव्हा तिच्या लग्नाला आठ महिने झाले होते. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) तिचे माहेर कराडजवळच्या खेड्यातले आणि सासर पुण्यातले, जिथे येता-जाता एकमेकांना मिठी मारण्याची रीत होती. गौरीजेवणाच्या दिवशी सासूबाईंनी सर्वांदेखत तिला कवेत घेतले, तेव्हा तिचे दोन्ही हात अंगाला चिकटून राहिले, आणि "वहिनी आपल्याला परकंच मानते," हे चुलत नणंदेचे वाक्य तिच्या मनाला लागून राहिले.

अशा वेळी मी सर्वांत आधी एक गोष्ट पडताळून पाहते. पूर्वी कुणी नकोसा स्पर्श केला होता का, आणि स्पर्श झाला की भीती वाटते का, झोप उडते का, हे मी विचारते. तसे असल्यास उपचाराची वाट निराळी असते आणि तिथे घाई करून चालत नाही. हिच्या बाबतीत तसे काही नव्हते. नवऱ्याशी जवळीक सहज होती, भाचीला तर ती तासन्‌तास मांडीवर घेऊन बसत असे.

"माहेरी माया कशी करायचे?" असे मी विचारले. "आमच्यात मिठी नव्हतीच," असे म्हणता म्हणता तिने दोन्ही हात हवेत कुणाच्या तरी गालांवरून फिरवावेत तसे फिरवले आणि स्वतःच्या कानशिलांवर नेऊन बोटे मोडली. तिची आजी अशी अलाबला घेत असे, आणि परीक्षेला निघताना वडील पाठीवरून हात फिरवत. म्हणजे स्पर्श भरपूर होता, पण त्याची वेळ ठरलेली होती. वाकून नमस्कार केला की पाठीवर हात येणार, हे शरीराला आधीच ठाऊक असते; अचानक पडलेल्या मिठीने ते दचकते आणि आखडते, त्यावरून मायेचे माप काढता येत नाही. तिचे आजोबा वारकरी होते. एरवी घरात कुणाला जवळ न घेणारे आजोबा वारीत अनोळखी माणसालाही पाया पडून उराउरी भेटत, हे तिला इथे बोलताना आठवले आणि ती पहिल्यांदा हसली.

पुढच्या भेटीत सासूबाई आल्या. त्यांची मुलगी मेलबर्नला असते. "घरात जवळ घ्यायला कुणी उरलं नाही हो," असे त्या म्हणाल्या, तेव्हा सुनेने चमकून त्यांच्याकडे पाहिले. तिने हे कधीच ऐकले नव्हते. "हळूहळू सवय करून घे" हा सल्ला मी कुणाला देत नाही, कारण मनाविरुद्ध सोसलेला स्पर्श पुढच्या स्पर्शाचीही धास्ती लावतो. कोणता स्पर्श आवडेल, एवढेच मी तिला विचारले. बराच वेळ ओढणीचे टोक बोटाला गुंडाळत ती बसली आणि मग म्हणाली, "आई, माझ्या डोक्याला तेल लावून द्याल?"

तिचे हे मागणे शरीराच्या दृष्टीनेही अगदी रास्त होते. केसाळ त्वचेत असे काही मज्जातंतू असतात की जे सेकंदाला साधारण १ ते १० सेंटिमीटर इतक्या संथ गतीने फिरणाऱ्या हाताला सर्वाधिक प्रतिसाद देतात, आणि तो स्पर्श सुखद वाटतो.

इतर नातेवाइकांचे काय, हा प्रश्न उरला. चुलत भावंडांना आधी सांगून ठेवण्याची जबाबदारी नवऱ्याने घेतली. पाहुणा दारात दिसताच आपणच पुढे होऊन नमस्कार करायचा, आणि "मला मिठीची सवय नाही, पण तुम्ही आलात, फार बरं वाटलं," हे स्वतःच्या तोंडाने सांगायचे, असे तिने ठरवले. पहिल्या वेळी तिचा आवाज कापला.

तीन महिन्यांनी ती शेवटची आली, तेव्हा दर रविवारी तेल लावण्याचा नेम सुरू होता. सासूबाई आता दोन्ही हात पुढे करून थांबतात. कधी ती जवळ जाते, कधी नुसते त्यांचे हात हातात घेते.