पुराच्या पाण्यात काय मिसळलंय, हे सांगणाऱ्यांची नोकरी

प्रश्न : निपाणी तालुक्यात दूधगंगेकाठी आमचं गाव. २०१९ आणि २०२१, दोन्ही पुरांत घरात पाणी शिरलं होतं. मुलगी आता सेकंड पीयूसी, म्हणजे बारावी सायन्सला आहे. परदेशात कुठे विषारी गळती झाली की नेदरलँड्सचं फिरतं तज्ज्ञ पथक तिथे जातं, आणि अशी पथकं आणखी अद्ययावत कशी करता येतील, यावर तिने काहीतरी वाचलं. तेव्हापासून तिचा एकच धोशा, मला यातच जायचंय. तिचे वडील म्हणतात बीई कर, मामा म्हणतो डिझास्टर मॅनेजमेंटचा डिप्लोमा कर. यात खरंच करिअर आहे का? मुलीच्या जिवाला धोका नाही ना?

उत्तर : ताई, आधी थोडी निराशा करते. या पथकात थेट भरती होत नसते. नेदरलँड्सची आरआयव्हीएम ही सार्वजनिक आरोग्य आणि पर्यावरणाची सरकारी संस्था आहे, तिचं हे पथक. त्यातले तज्ज्ञ एरवी आपापली रोजची नोकरी करतात आणि बोलावणं आलं की पेट्या उचलून निघतात. जिनिव्हात संयुक्त राष्ट्रांचा पर्यावरणीय आपत्तींसाठीचा विभाग १९९४ पासून आहे. तोही असाच वेगवेगळ्या देशांकडून माणसं मागवतो. म्हणजे आधी कुठल्यातरी प्रयोगशाळेत पक्कं व्हायचं, हाक नंतर येते.

काम कसं असतं, ते एका उदाहरणावरून सांगते. २०१० साली नायजेरियातल्या झामफारा राज्यात लहान मुलं दगावू लागली. लोक सोन्याचा दगड खाणीतून आणून घराच्या आवारातच दळत होते आणि त्या दगडात शिसं ठासून भरलेलं होतं. ती धूळ अंगणात, भांड्यांवर, रांगत्या मुलांच्या हातांवर. चारशेच्या वर मुलं गेली. त्या वर्षी सप्टेंबरमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मोहिमेत हे डच पथक फिरती प्रयोगशाळा घेऊन तिथे गेलं. अशा ठिकाणी गावाला सूक्ष्म आकडे नको असतात. या विहिरीचं पाणी आज प्यायचं की नाही, एवढंच सांगा म्हणतात. आणि अपुऱ्या माहितीवर ते सांगायची जबाबदारी तज्ज्ञाची असते.

पथक अद्ययावत करायचं म्हणजे महागडी यंत्रं घ्यायची, असा तिचा समज असेल तर तो अर्धाच बरोबर आहे. मातीतले धातू ओळखणारं हातातलं एक्सआरएफ यंत्र पूर्वी किरणोत्सारी स्रोतावर चालायचं. ते घेऊन सीमा ओलांडायची म्हणजे परवानग्यांची रांग. आता क्ष-किरण नळीची यंत्रं आल्यावर ती कटकट कमी झाली. दाबाखालच्या वायूची नळकांडी आणि मोठ्या लिथियम बॅटऱ्या मात्र प्रवासी विमानात सहज चढत नाहीत. तेव्हा पेटीत काय न्यायचं, काय तिकडेच मिळवायचं, कुठले नमुने मायदेशी पाठवायचे, यावरच निम्मं डोकं खर्च होतं. ड्रोन आणि उपग्रहचित्रं आली खरी, पण नमुना चुकीच्या जागेवरून घेतला तर पुढची सगळी यंत्रं फुकट.

म्हणून माझा कौल रसायनशास्त्राला. बेळगावात आरएलएस कॉलेजला बीएस्सी, मग धारवाड किंवा कोल्हापूरला एमएस्सी, त्यातही अ‍ॅनालिटिकल केमिस्ट्री, म्हणजे कशात काय आणि किती मिसळलंय ते शोधायचं शास्त्र. आयआयटीतून एमएस्सी करायची जिद्द असेल तर 'जॅम' परीक्षेची तयारी बीएस्सीपासूनच हवी. वडिलांचा बीईचा हट्ट असेल तर केमिकल चालेल. महाराष्ट्रातल्या अभियांत्रिकी प्रवेशात वादग्रस्त सीमाभागातल्या मराठी मुलांसाठी वेगळी तरतूद आहे, तीही पाहा. मामांचा डिप्लोमा वाईट नाही, पण तो वरचा मजला आहे. तो नोकरी लागल्यावर करता येईल.

नोकरी इथेच आहे, परदेशाची वाट पाहायला नको. नागपूरची नीरी ही पर्यावरण संशोधनाची सरकारी संस्था, केंद्रीय आणि राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळं, औषध कंपन्यांच्या प्रयोगशाळा. वर्दीची आवड असेल तर एनडीआरएफ, म्हणजे राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल. तिथे माणसं निमलष्करी दलांतून प्रतिनियुक्तीवर येतात, म्हणजे अधिकारी व्हायचं तर दार त्या दलांसाठीच्या यूपीएससीच्या सीएपीएफ परीक्षेचं. मे २०२० मध्ये विशाखापट्टणमला स्टायरीन वायूची गळती झाली, तेव्हा रासायनिक आपत्तीचं प्रशिक्षण घेतलेली तुकडी पुण्याहून विमानाने गेली होती.

एक गोष्ट आपल्या घरांत ऐकायला आवडत नाही, तरी सांगते. कर्नाटकच्या सरकारी भरतीत कन्नडची परीक्षा चुकत नाही. सीमाप्रश्न आपल्या जागी राहू दे, मुलीचं कन्नड पक्कं करून घ्या. मातृभाषा मराठी, नोकरीला कन्नड, अहवालाला इंग्रजी. तीन भाषांत वावरणारी मुलगी अनोळखी गावात जाऊन बोलायला बुजत नाही, आणि या कामात ते फार उपयोगी पडतं.

धोक्याचं म्हणाल तर जळत्या कारखान्यात ही माणसं पहिली घुसत नाहीत. ते काम अग्निशमन दलाचं, एनडीआरएफचं. पर्यावरणाचे तज्ज्ञ त्यामागून, संरक्षक पोशाखात. आठवडेच्या आठवडे घराबाहेर राहावं लागतं, जेवणाझोपेचे हाल होतात, हे मात्र खरं. पोरगी अंधारात रानात जायला घाबरते का, यापेक्षा ती चिडचिड न करता एकच काम वीस वेळा नीट करू शकते का, ते बघा.

पैसे न घालता आत्ता करण्यासारखं एक आहे. जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावात पाच महिलांना पाणी तपासायच्या किटचं प्रशिक्षण द्यायचं ठरलेलं आहे. तुमच्या पंचायतीत ते किट कपाटात आहे की वापरात, चौकशी करा. मिळालं तर तिला पावसाळ्याआधी आणि पूर ओसरल्यावर त्याच विहिरींचं पाणी तपासून वहीत तारीखवार लिहू दे. जंतू तपासायची एच-टू-एसची बाटली दूषित पाण्याने काळी पडलेली स्वतः पाहिली की पुस्तकातलं रसायनशास्त्र वेगळंच वाटायला लागतं. शिवाय संयुक्त राष्ट्रांसाठी आरआयव्हीएमने केलेली 'फीट' नावाची पद्धत आहे. आपत्तीनंतर कुठल्या कारखान्याकडे, गोदामाकडे आधी बघायचं, हे ती शिकवते. तिची छोटी पुस्तिका इंटरनेटवर फुकट मिळते. परीक्षा संपल्यावर वाचायला द्या, आत्ता नको.

तिचं कॉम्बिनेशन पीसीएमबी आहे की पीसीएमसी, म्हणजे चौथा विषय जीवशास्त्र की कॉम्प्युटर, ते पत्रात राहिलंय. तेवढं कळवा, आणि सीईटीचा निकाल लागला की रँकही. कॉलेजांची नावं त्यावर ठरवू.