केनिया-युगांडाची तुलना: आधी रेषा कुठल्या इयत्तेची आहे ते बघा

तुमचे प्रश्न दोन. वर्ल्ड बँकेच्या डेटातून दोन्ही देशांचा प्राथमिक शिक्षण पूर्ण करण्याचा दर एका चार्टवर टाकला तर केनिया एवढा वर कसा, आणि असा दर १०० च्या वर जातोच कसा. १०० चं आधी सांगतो, ते सोपं आहे.

शेवटच्या इयत्तेत नव्याने आलेली मुलं भागिले त्या वयाची देशातली सगळी मुलं, बस. रिपीटर वजा होतात, पण वय कोणी विचारत नाही. समजा त्या वयाची मुलं १ लाख, वर्गात ९० हजार, त्यातले १० हजार परत बसलेले, दर झाला ८०. त्याच वर्षी मागे राहिलेली मोठी पोरं ३० हजार आली की ११०. केनियात २००४ साली किमानी मारुगे नावाचे ८४ वर्षांचे आजोबा पहिलीत बसले होते, असे आजोबा शेवटच्या वर्गात पोचले तर ह्या हिशोबात तेही एक मूलच. आणि वर्गात नाव लागलं की झालं, वर्ष पूर्ण केलं की मधेच सोडलं ते ह्यात येतच नाही, नाव मात्र 'पूर्ण केलं'.

खरी गोम इयत्तेत आहे. केनियात १९८५ पासून प्राथमिक शाळा आठवीपर्यंत होती, पण आंतरराष्ट्रीय आकडेवारीत त्यांचं प्राथमिक ६ वर्षांचं धरतात आणि युगांडाचं ७. म्हणजे एका रेषेत सहावी आणि दुसरीत सातवी! बरं, केनियाची सहावी तेव्हा अधलीमधली इयत्ता, बोर्डाची परीक्षा आठवीला, त्यामुळे सहावीत मुलाला अडवायचं कारण कमी. युगांडात सातवीलाच पीएलई, म्हणजे प्राथमिकची शेवटची सरकारी परीक्षा, आणि निकाल खराब नको म्हणून कच्च्या मुलांना सहावीतच थोपवून ठेवणाऱ्या शाळा आहेत. ती मुलं शाळेत येतात, पण सातवीत जात नाहीत, म्हणून दरात दिसतच नाहीत. केनिया पुढे आहे हे खरं, पण चार्टवर दिसणारा सगळा फरक शिक्षणाचा नाही. (आता नव्या अभ्यासक्रमात केनियाची प्राथमिक खरोखरच सहावीला संपते, २०२३ ला आठवीची जुनी परीक्षा शेवटची झाली.)

दुसरं म्हणजे सालं सरकवून बघा. युगांडाने प्राथमिक शाळांची फी १९९७ ला काढून टाकली, पटसंख्या साधारण ३१ लाखांवरून ५३ लाखांवर गेली, केनियाने २००३ ला काढली, ५९ चे ७२ लाख झाले. युगांडाची ती लाट सातवीत २००३ ला पोचणार, केनियाची सहावीत २००८ ला, आणि नापास होत होत आलेली त्याच्याही नंतर, मग २००३ च्या उभ्या रेषेवर दोघांना शेजारी उभं करून काय कळणार? मी तरी फी काढल्याचं वर्ष शून्य धरून दोन्ही रेषा काढतो. आणि मधली वर्षं रिकामी असली तर चार्ट सरळ रेघ मारून मोकळा होतो, तिला ट्रेंड समजू नका, खरे आकडे असलेल्या वर्षांचे ठिपके चार्टवर चालू ठेवा.

कोण पुढे एवढंच हवं असेल तर घरोघरच्या सर्व्हेवरचा दर घ्या. त्यात शेवटच्या इयत्तेच्या वयापेक्षा ३ ते ५ वर्षांनी मोठी मुलं धरतात, म्हणजे केनियात १४ ते १६, युगांडात १५ ते १७, आणि त्यातल्या किती जणांनी ती इयत्ता पूर्ण केली ते मोजतात, त्यामुळे १०० च्या वर जायचा प्रश्नच नाही. सहावी-सातवीचा घोळ मात्र इथेही राहतोच. सर्व्हेची मूळ फाइल मिळाली तर दोन्हीकडे सातवी धरून स्वतःच मोजा, अर्ध्या तासाचं काम आहे.