दौऱ्याचं बिल: भत्ता हुद्द्याचा, भूक पोटाची

प्रश्न: बेळगावात केंद्र सरकारच्या कार्यालयात कारकून आहे. साहेबांबरोबर बंगळूरला दौऱ्यावर गेलो. जेवलो एकाच खानावळीत, पण भत्ता त्यांना जास्त. वर लॉजची पावती नाही म्हणून माझं बिल परत आलं.

उत्तर: भत्त्यातला फरक नियमातलाच. 2017 च्या मूळ दरांनुसार जेवणासाठी दिवसाला लेव्हल 5 (लेव्हल म्हणजे पगाराची पायरी) पर्यंत 500 रुपये, लेव्हल 9 ते 11 ला 900. महागाई भत्ता 50 टक्क्यांनी वाढला की दरही 25 टक्के वाढतात, पण दोघांचेही, त्यामुळे अंतर मिटत नाही. रेल्वेचा डबा हुद्द्यावर ठरवा, एकवेळ चालेल. राइसप्लेटचा भाव कुणी पगारपत्रक बघून लावतं का? माझ्या मते हे सरळ अन्यायाचं आहे.

पावतीच्या बाबतीत मात्र नियम तुमच्या बाजूचा. लेव्हल 8 पर्यंतच्यांना मुक्कामाचा खर्च मर्यादेत, पावतीशिवाय, स्वतःच्या सहीच्या दाखल्यावर मिळतो. कुठे आणि कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत उतरलात ते लिहायचं. पावतीशिवायची मूळ मर्यादा लेव्हल 5 पर्यंत दिवसाला 450 रुपये. एवढ्यात बंगळूरच्या मॅजेस्टिक बसस्थानकाजवळ पक्की पावती देणारी खोली शोधून दाखवा! या नियमाच्या आदेशाची प्रत जोडून बिल पुन्हा द्या. मुदत दौरा संपल्यापासून 60 दिवस, म्हणून पहिल्या बिलाची पोच जपून ठेवा.

प्रश्न: खानापूर तालुक्यात अंगणवाडी सेविका आहे. बेळगावच्या प्रशिक्षणाला गावातून वडापने (खासगी शेअर गाडीने) फाट्यावर, तिथून बसने गेले. कार्यालय म्हणतं, शक्ती योजनेत तिकीट शून्य, मग खर्च कसला?

उत्तर: बसपुरतं त्यांचं बरोबर आहे, ताई. 11 जून 2023 पासून कर्नाटकातल्या महिलांना सरकारी साध्या बसचा प्रवास मोफत आहे. पण वडापवाला शून्याचं तिकीट फाडत नाही. (निपाणीकडच्या भगिनींनो, कोल्हापूरला जाणाऱ्या आंतरराज्य बसला ही सवलत नाही.) प्रशिक्षणाच्या आदेशात प्रवासखर्चाची तरतूद आहे का ते आधी बघा. गाव, फाटा, अंतर, दिलेले पैसे आणि त्या वेळेला बस नव्हती, हे कागदावर लिहून त्याच दिवशी पर्यवेक्षिकांची सही घ्या. आठवड्याने मागितलेली सही मिळेलच असं नाही. खरं तर हे पैसे आधी हातात पडायला हवेत. मानधनावरच्या बाईने सरकारला उसने का द्यावेत?

प्रश्न: अधिवेशनाला बेळगावच्या सुवर्णसौधमध्ये (विधानभवनात) येणाऱ्या अधिकाऱ्यांचा हॉटेलखर्च आम्हाला कळेल का?

उत्तर: माहिती अधिकारात मागा. फी 10 रुपये, उत्तर 30 दिवसांत. कर्नाटकात एका अर्जात एकच विषय आणि 150 शब्दांची मर्यादा, तेव्हा खातं, महिना आणि हवी ती बिलं एवढंच लिहा.