ऑक्टोबरच्या मध्यात आम्ही दोघं टस्कनीच्या खेड्यात सहा रात्री राहणार आहोत. अंदाज रोज बदलतोय. गाडी घ्यावी, की बेतच बदलावा?

बेत बदलू नका. गाडी घ्या. एवढंच हवं असेल तर पुढचं वाचलं नाहीत तरी चालेल.

पण प्रश्नाच्या शेवटी तुम्ही जाता जाता लिहिलंय, ‘तापमान १२ ते १८ दाखवतंय, म्हणजे आपला पुण्याचा डिसेंबर, त्याचं काही नाही.’ मी उत्तर लिहायला बसलो ते या वाक्यासाठी. यावर मी अनेकांशी वाद घातलाय आणि अजूनही घालायला तयार आहे. पुण्यात डिसेंबरात पहाटे १२ असलं तरी दुपारी २८-२९चं कोरडं ऊन पडतं, भिंती तापतात, रात्री एक रजई जास्त घेतली की भागतं. टस्कनीत पावसाळी दिवशी बाहेर १३ आणि घरातही जेमतेम १५-१६, हवा दमट, आणि दोन-तीन दिवस उन्हाचा पत्ता नाही. आकडा तोच दिसला तरी थंडी वेगळी असते.

तुम्ही घेतलंय ते जुनं दगडी शेतघर असणार. भिंती अर्धा मीटर जाड किंवा त्याहून जास्त, खिडक्या लहान, खाली भाजलेल्या मातीच्या लाद्या. ही रचना ऑगस्टच्या उन्हासाठी उत्तम. ऑक्टोबरात मात्र आधीचे पाहुणे गेल्यावर घर तीन-चार दिवस बंद राहिलं की दगड गार पडतो आणि पुन्हा तापायला पूर्ण दिवस घेतो. रात्री आठला पोचून हीटरची कळ दाबली तर ऊब तुम्हाला दुसऱ्या दिवशी दुपारी मिळेल. जमिनीखालून गरम पाण्याच्या नळ्या असतील तर आणखी उशिरा.

आणि कळ दाबल्यावर काही होईलच असंही नाही. इटलीत घरं कधी आणि किती तास तापवायची यावर कायदा आहे. देशाचे थंडीनुसार ए ते एफ असे सहा पट्टे आहेत, आणि २०१३च्या ७४ क्रमांकाच्या राष्ट्रपती-आदेशात, सगळ्यात थंड एफ सोडून, प्रत्येकाच्या तारखा व तास दिलेत. फ्लोरेन्स आणि सिएना डी पट्ट्यात येतात: १ नोव्हेंबर ते १५ एप्रिल, दिवसाला जास्तीत जास्त १२ तास. ई पट्ट्यात १५ ऑक्टोबरपासून, १४ तास. पट्टा गावागणिक ठरतो, त्यामुळे डोंगरावरचं गाव ई मध्ये आणि खालचं डी मध्ये असं शेजारी शेजारी असू शकतं. तुमच्या तारखा बरोब्बर या फटीत पडतात. पळवाट आहे: तारखांच्या बाहेरही हवा खरंच गार असेल तर नेहमीच्या निम्मे तास, म्हणजे डी पट्ट्यात सहा तास, हीटिंग चालवता येतं. महापौर मुदत वाढवूही शकतो. पण मालकाची इच्छा हवी. गावाबाहेरच्या घरांना बहुधा पाइपचा गॅस नसतो, अंगणात एलपीजीची टाकी पुरलेली असते आणि ती भरणं महाग पडतं. म्हणून खोलीभाड्यात हीटिंग धरलेलं नसणं ही तिथे सर्रास गोष्ट आहे. बुकिंगच्या पानावर तळाला ‘रिस्काल्दामेंतो एस्क्लूझो’ किंवा ‘आ कोन्सूमो’ असं काही दिसतंय का बघा. पहिल्याचा अर्थ हीटिंग वेगळं, दुसऱ्याचा मीटरप्रमाणे. मीटरप्रमाणे असेल तर आल्याबरोबर आणि निघताना आकड्याचा फोटो काढा, म्हणजे हिशेबाला घासाघीस होत नाही.

शेकोटी असेल तर फोटोत छान दिसते, पण ती चालवायला यावी लागते. धुराड्याची झडप आधी उघडायची, मग पेटवायचं. लाकूड अंगणातल्या उघड्या ढिगातलं नको, छपराखालचं वाळलेलं घ्या. ओलं लाकूड खोलीभर धूर करतं आणि ऊब देत नाही. निखारे धुमसत असताना झडप लावून झोपायचं नाही, कार्बन मोनॉक्साइड कोंडतो. शेकोटीपेक्षा लाकडाच्या गोळ्यांवर चालणारी ‘स्तूफा आ पेलेत’ बरी: कळ दाबली की स्वतः पेटते, मात्र तिला वीज लागते. झोपायच्या खोलीत एसी असेल तर रिमोटवर सूर्याचं चिन्ह शोधा. तसा एसी हीटरचंही काम करतो आणि एक खोली लवकर तापवतो.

थंडी वाजली की माणूस काय करतो? फॅन हीटर लावतो आणि चहाला किटली. इथे दुसरी गंमत. इटलीत घरगुती वीजजोडणी बहुतेक ३ किलोवॉटची असते. फॅन हीटर २,००० वॉट, किटली २,०००, ओव्हन तेवढाच, हेअर ड्रायरही त्याच घरात. यातल्या दोन गोष्टी एकदम चालल्या आणि फ्रिज चालू असला की काही मिनिटांत अंधार. घरातल्या फळीवरचे सगळे खटके वर असतील तर मीटरचा खटका पडलाय, आणि मीटर बऱ्याचदा घराबाहेर, कधी फाटकाजवळच्या पेटीत असतो. आधी हीटर, किटली बंद करा, मग मीटरचा खटका वर ढकला. उलट क्रमाने केलं तर पुन्हा पडेल. घरातला ‘टी’ बटणवाला खटका पडला असेल तर प्रकरण वेगळं. तो वीजगळतीचा आहे, आणि पावसात बाहेरच्या दिव्यात पाणी गेलं की तो पडतो. एकदा वर करून बघा, टिकला नाही तर मालकाला फोन करा, स्वतः उचकापाचक नको. मीटरची पेटी पोचल्या दिवशी उजेडात विचारून ठेवा आणि टॉर्च हाताशी ठेवा.

आता गाडी. खेड्यात सहा रात्री आणि गाडी नाही, हे जमवता येतं, पण बस दिवसाला मोजक्या, रविवारी त्याहून कमी, आणि तुमचं घर थांब्यापासून दोन-तीन किलोमीटर चिखलात. आंतरराष्ट्रीय परवाना आरटीओतून इथूनच काढा. डिपॉझिटला चालकाच्या नावाचं खरं क्रेडिट कार्ड लागतं. डेबिट आणि फॉरेक्स कार्डावर अनेक ठिकाणी गाडी देत नाहीत, आणि हे काउंटरवर कळणं फार वाईट. फ्लोरेन्सच्या गल्ल्यांतून गाडी घेऊ नका. टी-२ ट्रामने पेरेतोला विमानतळावर जा, गाडी तिथे घ्या आणि थेट महामार्गाला लागा. जुन्या शहरांच्या भोवती ‘झेड-टी-एल’ची, म्हणजे परवानगीशिवाय गाडी न नेण्याच्या भागाची, हद्द असते. फलकावर ‘वार्को आत्तीवो’ लिहिलेलं असेल तर कॅमेरा चालू आहे, आत जायचं नाही. दंड काही महिन्यांनी घरपोच येतो आणि गाडीवाली कंपनी तुमचा पत्ता पोलिसांना दिल्याचे पैसे वेगळे कापते.

पावसात दोन गोष्टी चुकतात. एक, आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत इंडिकेटर उजव्या हाताला, तिथे डाव्या हाताला, त्यामुळे वळणावर वायपर लागतो. हसू येतं, पण मागच्याला तुम्ही वळताय हे कळत नाही. ओल्या रस्त्यावर महामार्गाची वेगमर्यादा १३० वरून ११० होते, हेही ध्यानात ठेवा. दुसरी गोष्ट पांढरे रस्ते, ‘स्त्रादे बियांके’. सिएनाच्या दक्षिणेची जमीन म्हणजे जुन्या समुद्रतळाची राखाडी चिकणमाती. मराठवाड्याच्या काळ्या रानात पावसात चाललेल्याला तिचं वर्णन नको: पावलागणिक बूट जड होतो. खडी टाकलेला मुख्य पांढरा रस्ता पावसातही ठीक, पण कडेची माती मऊ असते. फोटोसाठी कडेला चाक घातलंत तर ट्रॅक्टर बोलवावा लागेल. घरापर्यंतच्या चढाच्या खासगी रस्त्यावर पाण्याने नाळी पडतात आणि गाडीचं पोट घासतं. नेहमीच्या विम्यात पोट, टायर आणि काचा बहुधा नसतात, करार सही करण्याआधी तेवढी ओळ वाचा. नकाशाचं ॲप चार मिनिटं वाचवायला नेमक्या याच वाटेने नेतं. मालकाला विचारा, ‘डांबरी रस्त्याने कसं यायचं?’

अंदाजाचं सांगतो. दहा दिवसांच्या चित्रांकडे बघणं सोडा. तीन दिवसांपलीकडचं मी धरत नाही. टस्कनीचं स्वतःचं हवामान केंद्र ‘लाम्मा’ आहे, त्याचं रोजचं पत्रक वाचा, भाषांतर करून कळतं. वाऱ्यांची नावं पाठ करा. दक्षिणेकडून शिरोक्को किंवा लिबेच्चो सुटला की हवा कोमट, कोंदट, आणि पाऊस येतोय. मग वारा फिरून उत्तरेचा त्रामोंताना लागला की आभाळ धुतल्यासारखं आणि गारठा. लिबेच्चोचं पाणी आधी वायव्येच्या अपुआन डोंगरांवर पडतं. तिथे काही ठिकाणी वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आणि सिएनाच्या दक्षिणेला जवळपास त्याच्या चौथाईएवढा. घाटमाथा आणि देश यांचंच नातं. म्हणून घर वाल दोर्चात, म्हणजे पिएन्झा, सान क्विरिको, मॉन्तालचिनोच्या टापूत असेल तर तुम्ही तसे सुदैवी. इशाऱ्यांचे रंग पिवळा, नारिंगी, लाल. पिवळ्याला सावधपणे फिरा, नारिंगीला ओढ्याकाठच्या आणि पुलाखालून जाणाऱ्या वाटा टाळा, लालला घरी.

भर पावसाचा दिवस सिएनाला द्या. पालाझ्झो पुब्लिकोत आंब्रोजो लोरेन्झेत्तीने १३३८-३९ मध्ये चांगल्या आणि वाईट कारभाराची चित्रं भिंतीवर काढली आहेत. बाहेर धुक्यात न दिसणाऱ्या टेकड्या तिथे रंगवलेल्या दिसतील. किंवा मोंते ओलिवेतो माज्जोरेचा मठ, तिथली सिन्योरेल्ली आणि सोदोमाची भित्तिचित्रं झाकलेल्या ओवरीत आहेत. दुपारी मठ बंद असतो, तेवढी वेळ बघा. रिमझिम असेल तर बान्यी सान फिलिप्पोच्या गरम पाण्यात उतरायला यासारखा दिवस नाही, पण जोराच्या पावसानंतर नाही: तिथले मोफत कुंड ओढ्यातच आहेत, पाणी वाढतं आणि गार होतं. बान्यो विन्योनीच्या चौकातल्या हौदात उतरायला बंदी आहे, तो फक्त बघायचा.

पाऊस सरल्यानंतरची पहिली शांत, निरभ्र रात्र गाठा. पहाटे दरीत धुकं साचतं आणि टेकड्यांची डोकी वर राहतात. त्या दिवसांत सूर्योदय साडेसातच्या आसपास असतो, म्हणजे चारला उठायची गरज नाही. एकाने गाडीत बसून राहायचं नाही, दोघांनीही उतरायचं. जाड मोजे घाला.

थोडं उशिरा सांगतोय, पण हिरव्यागार लाटांचे फोटो बघून जात असाल तर ते एप्रिल-मेचे आहेत. ऑक्टोबरात ती शेतं नांगरलेली, तपकिरी-राखाडी असतात. मला ती जास्त आवडतात, तुमच्या सहचारिणीला किंवा सहचराला आवडतील का, ते आधी बोलून घ्या. रंग हवा असेल तर महिन्याच्या दुसऱ्या पंधरवड्यात किआंतीच्या द्राक्षवेली लाल-पिवळ्या होतात. वाइन चाखायला जाणार असाल तर मर्यादा रक्तात लिटरला ०.५ ग्रॅम आहे, म्हणजे त्या दिवशी एकाने कोरडं राहायचं. शाकाहारी असाल तर ‘पीची आल्ल’आल्योने’ मागवा, लसूण-टोमॅटोचा जाड शेवयांचा पदार्थ. पेकोरिनो या मेंढीच्या दुधाच्या चीजमध्ये बहुधा प्राण्याच्या जठरातून काढलेलं विरजण (रेनेट) असतं, चालत नसेल तर टाळा.

आणि हो, घर निवडताना तुम्ही पोहण्याच्या तलावाचा फोटो बघितला असणार. बहुतेक तलाव तोवर झाकलेले असतात. मालकाला आजच तीन ओळींचा निरोप पाठवा: हीटिंग तुमच्या तारखांना चालू होईल का आणि त्याचे पैसे कसे, पोचण्याच्या आदल्या संध्याकाळी ते चालू करून ठेवाल का, आणि वीजजोडणी किती किलोवॉटची. पहिल्याचं उत्तर ‘जास्तीच्या रजया आहेत’ असं आलं, तर दुसरं घर शोधा. आगाऊ दिलेली ‘कापार्रा’ बहुधा परत मिळत नाही, म्हणून ती भरायच्या आधी विचारा.