सोसायटीच्या गेटसमोरचा उखडलेला उतार महापालिकेकडून कसा दुरुस्त करून घ्यावा?

रस्त्यावरून फुटपाथ ओलांडून गेटात शिरतानाचा तुमचा उतार दोन वर्षं उखडलाय आणि महापालिका म्हणते ‘सोसायटीनेच करून घ्या’. आम्हालाही हेच ऐकवलं होतं. आधी मंजूर नकाशात हद्द बघून घ्या. उतार हद्दीबाहेर, फुटपाथ आणि पावसाळी गटारावर असेल तर तो सार्वजनिक रस्ताच. मुंबईला 1888 चा वेगळा कायदा आहे. बाकी महापालिकांना 1949 चा महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम लागू होतो, आणि त्याच्या कलम 63 प्रमाणे रस्त्यांची देखभाल हे पालिकेचं बंधनकारक कर्तव्य आहे. अर्जात हे कलम लिहाच.

आमच्याकडे चेंबरचं झाकण कोपऱ्यात तुटून सळ्या वर आल्या होत्या. माझ्या आईच्या वॉकरचा पाय त्यात अडकला आणि ती तोंडावर पडली. त्याआधी मी पालिकेच्या ॲपवर तीन तक्रारी केल्या होत्या, तिन्ही ‘निराकरण झाले’ म्हणून बंद केलेल्या. त्या दिवसापासून मी सगळं कागदावर आणलं. प्रभाग कार्यालयात लेखी अर्ज, खड्ड्यात फूटपट्टी उभी धरून काढलेले फोटो, आणि आवक क्रमांक टाकलेली पोच. पोच घेतल्याशिवाय तिथून हलू नका.

तरी हालचाल झाली ती माहिती अधिकारामुळेच. 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, 150 शब्दांच्या आत. इतकंच विचारलं: या फुटपाथचं शेवटचं काम कोणत्या कार्यादेशाने (ठेकेदाराला दिलेल्या कामाच्या लेखी आदेशाने) झालं आणि त्याचा दोषदायित्व कालावधी, म्हणजे काम बिघडलं तर ठेकेदारानेच दुरुस्त करून द्यायची मुदत, कधी संपतो? 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं. आमच्या कामाचे चार महिने शिल्लक निघाले, म्हणजे दुरुस्ती ठेकेदाराने पदरच्या पैशाने करायची होती! तो कार्यादेश क्रमांक घालून दुसरा अर्ज दिला, तिसऱ्या आठवड्यात माणसं आली. तुमचा कालावधी उलटला असेल तर खर्च पालिकेचा, वेळ जास्त लागेल, पण मागणी सोडू नका.

कंटाळून स्वतः सिमेंट मात्र ओतू नका. शेजारच्या सोसायटीने ओतलं, गटाराचं तोंड बुजलं आणि पहिल्याच मोठ्या पावसात पार्किंगमध्ये पोटरीभर पाणी.

काम चालू असताना तुमच्यापैकी कुणीतरी तिथे उभं राहायलाच हवं. आमच्याकडे झाकणावरूनच काँक्रीट पसरत होते. मी थांबवलं, झाकण उचलता येईल एवढी कड मोकळी ठेवून घेतली. मग आठवडाभर गाड्या बाहेर लावल्या आणि काँक्रीट नीट पक्कं व्हावं म्हणून त्यावर अंथरलेलं गोणपाट सकाळ-संध्याकाळ भिजवत राहिलो.