पोर्टलमध्ये नाव घालण्याआधी

प्रश्न : ताई, माझी मुलगी अमेरिकेत डिव्हिजन वनच्या, म्हणजे कॉलेज खेळांतल्या सगळ्यांत वरच्या गटातल्या, एका युनिव्हर्सिटीत टेनिसच्या स्कॉलरशिपवर आहे. दुसरं वर्ष संपत आलंय. तिला घेणारा कोच सोडून गेला, नव्याने बाहेरून मुली आणल्या आणि आमची पोर सातव्या नंबरवर गेली. आता दुसऱ्या कॉलेजच्या कोचचा व्हॉट्सअ‍ॅपवर निरोप आलाय, 'ये, जागा आहे.' क्लबमधले म्हणतात, कॉलेज बदललं की वर्षभर बाहेर बसावं लागतं, शिवाय जुन्या कोचची परवानगी लागते. खरं काय?
— एक वडील, नाशिक

उत्तर : कॉलेजच्या लढतीत सहा सिंगल्स आणि तीन डबल्स असतात. सातवीने एकेरीत बाकावर बसायचं. मुलीची घालमेल समजते.

क्लबमधल्यांची माहिती मात्र शिळी झाली. परवानगीची भानगड ऑक्टोबर २०१८मध्ये ट्रान्सफर पोर्टल, म्हणजे कॉलेज बदलू इच्छिणाऱ्या खेळाडूंची ऑनलाइन यादी, आलं तेव्हाच संपली. वर्षभर बसवण्याचा जाच होता तो मुख्यतः अमेरिकन फुटबॉल, बास्केटबॉल, बेसबॉल आणि मुलांच्या आइस हॉकीला. त्यांनाही २०२१मध्ये एका बदलीची सूट मिळाली. टेनिसला ती आधीपासून होती. मग डिसेंबर २०२३मध्ये वेस्ट व्हर्जिनियातल्या फेडरल कोर्टाने एनसीएएचे, म्हणजे कॉलेज खेळांचे नियम करणाऱ्या संघटनेचे, हात बांधले आणि एप्रिल २०२४पासून बदल्यांवरची मर्यादाच गेली. अभ्यास नियमात बसत असेल तर लगेच खेळता येतं.

त्या 'अभ्यास'पाशीच पोरं अडकतात. खेळाडूंच्या क्रेडिटांचा, म्हणजे विषय पास झाल्यावर पदवीसाठी जमा होणाऱ्या अंकांचा, हिशेब ठेवणं हे माझं रोजचं काम, म्हणून आकड्यांत सांगते. तिसरं वर्ष सुरू होण्याआधी पदवीची ४० टक्के क्रेडिट्स पूर्ण हवीत. पदवी १२० क्रेडिटांची असेल तर ४८. मुलीकडे समजा ६२ आहेत, म्हणजे इथे ती निर्धास्त. पण हिशेब नव्या कॉलेजच्या पदवीवर होतो. त्यांनी तिच्या विषयातली ४४च धरली, तर ती वर्गात बसेल, कोर्टावर उतरणार नाही. कोच 'काळजी करू नकोस, बघू' म्हणतो. क्रेडिट्स तो ठरवत नाही. म्हणून नवं कॉलेज नक्की करण्याआधी तिथल्या रजिस्ट्रारकडून, म्हणजे अभ्यासाच्या नोंदी ठेवणाऱ्या कार्यालयाकडून, कुठला विषय कशात धरणार हे लेखी घ्या. इंजिनिअरिंग असेल तर दोनदा विचारा.

व्हॉट्सअ‍ॅपचा निरोप? त्याला उत्तर देऊ नका. मुलीचं नाव पोर्टलमध्ये येण्याआधी दुसऱ्या कोचने संपर्क करणं नियमबाह्य आहे, मग तो मामाच्या मित्रामार्फत केला तरी. जो माणूस पहिल्याच निरोपात नियम मोडतो, त्याच्या 'जागा आहे'वर किती विसंबायचं ते तुम्हीच ठरवा. शिवाय खेळाडूंनी एनसीएएविरुद्ध लढलेल्या 'हाउस' नावाच्या खटल्यात २०२५मध्ये तडजोड झाली; ती स्वीकारलेल्या कॉलेजांत टेनिसचा संघ दहाचाच असतो. तिथे जागा खरंच आहे का, तेही विचारावं लागेल.

पोर्टलमध्ये नाव स्वतः घालता येत नाही. मुलीने आपल्या कॉलेजच्या कंप्लायन्स ऑफिसला, म्हणजे खेळाचे नियम पाळले जातात का हे बघणाऱ्या विभागाला, लेखी कळवायचं. नियमाची पूर्तता झाली की दोन कामकाजाच्या दिवसांत त्यांना नाव घालावंच लागतं. मुदत खेळानुसार ठरलेली असते आणि मुख्य कोच गेला की वेगळी मुदतही उघडते. ती उघडी आहे का, हे त्यांनाच विचारा. पण तो ईमेल जाण्याआधी एक गोष्ट तिला नीट समजावा : नाव दिलं की जुनं कॉलेज त्या सत्राअखेर स्कॉलरशिप बंद करू शकतं. मन बदललं आणि नाव मागे घेतलं, तरी ती परत देण्याचं बंधन त्यांच्यावर नाही. मागच्या दाराला कुलूप लागतं. माझ्याकडे आलेल्या पालकांपैकी बहुतेकांना हे नंतर कळतं.

राहिला व्हिसा. एफ-वन या विद्यार्थी व्हिसावर असल्याने तिचं सेविस रेकॉर्ड, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांची सरकारी नोंद, जुन्या कॉलेजने नव्याकडे सोडावं लागतं, तेही एका वेळी एकाच कॉलेजला. त्यामुळे दोन-तीन ठिकाणी बोलणी चालू असताना इंटरनॅशनल ऑफिसला रिलीजची तारीख देऊ नये. उन्हाळ्यात ती नाशिकला आली, तर नव्या कॉलेजचा आय-ट्वेंटी, म्हणजे व्हिसासाठी कॉलेज देतं तो प्रवेशाचा फॉर्म, हातात आल्यावरच परतीचं तिकीट काढा.